आपत्ती असल्यास कळवावे

लखनौच्या एका हिंदी दैनिकात मी एकोणीस वर्षे काम केले. त्यांपैकी सात वर्षे माझ्याकडे जाहीर सूचना होत्या. मंत्र्यांची भाषणे, खून आणि क्रिकेट इतरांकडे असे. माझ्याकडे नळाच्या वेळा, हरवलेल्या गुणपत्रिका, रुंद होणारे रस्ते, आणि अमुक जमिनीचे तमुक करण्याचा प्रस्ताव.

सरकारी सूचना टंकलिखित येई. तिचे पहिले वाक्य कधीकधी अकरा ओळींचे असे आणि क्रियापद अकराव्या ओळीत. ती बारीक टाइपात जशीच्या तशी छापणे हे जाहिरात विभागाचे काम. माझे काम तिचा सारांश करण्याचे. आठवड्यातून एकदा, शहराच्या पानावर, प्रत्येक सूचनेला तीन ओळी: कोण काय करणार आहे, कुठे, आणि वाचकाने कधीपर्यंत काय करायचे. चौथी ओळ दिसली की मुख्य उपसंपादक मिश्राजी ती लाल पेन्सिलीने उडवत. "पढ़ने वाला हलवाई है, वकील नहीं," असे ते म्हणत. बारीक टाइप कोणी वाचत नाही. या तीन ओळी मात्र लोक खरोखर वाचत. त्याचा मला अभिमान होता आणि अजून आहे.

मी नागपूरकडचा. बहात्तर साली लखनौला आलो तेव्हा आपल्याला हिंदी येते असे समजत होतो. मराठी माणसाची फसगत अनोळखी शब्दांनी होत नाही, ओळखीच्या शब्दांनी होते. पहिल्याच महिन्यात मी 'मुख्य अभियंता का राजीनामा' असा मथळा दिला. मिश्राजींनी कागद वर धरून सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असे विचारले, "दाते जी, इंजीनियर साहब ने नौकरी छोड़ी है कि किसी से सुलह की है?" तिकडे राजीनामा म्हणजे समेटाचा कागद. नोकरी सोडण्याला इस्तीफा. मग मी एक यादी केली आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. शिक्षा म्हणजे शिक्षण. चेष्टा म्हणजे प्रयत्न. संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपत्ति म्हणजे हरकत. वर्षभरात यादी पाठ झाली. मी ती काढून टाकली आणि ते शब्द माझ्यापुरते हिंदीच झाले.

माने कुटुंबाची ओळख एका तक्रारीच्या पत्रातून झाली. पत्र एका डॉक्टरांचे होते. महानगर वसाहतीला लागून एक जुना अहाता होता. अहाता म्हणजे एका मोठ्या आवाराच्या आत भिंतींना धरून बांधलेल्या खोल्या, एक विहीर, एक फाटक. त्या अहात्यात 'तेजाब का कारखाना' चालतो, पिवळा धूर येतो, असे पत्रात होते. छापण्याआधी पाहून यावे म्हणून मला पाठवले.

फाटकात एक बाई कोळसेवाल्याशी भांडत होत्या. "भैया, ये क्या दिया? आधा तो पत्थर है। कितनी बार बोला मैंने? मेल्या, ह्याचा मी काय पाटा-वरवंटा करू?"

मी म्हटले, "वहिनी, पाट्याला हा दगड चालायचा नाही. ठिसूळ आहे."

त्यांनी आधी पदर सावरला, मग मला नीट पाहिले आणि कोळसेवाल्याला सांगितले, "जा, आज बच गया तू।" त्या सुशीलाबाई माने. कारखाना म्हणजे खाली एक खोली आणि तिच्यात एक भट्टी. वरच्या दोन खोल्यांत त्या, त्यांचे यजमान बाबूराव आणि मुलगी रंजना.

बाबूराव गलाईवाले, सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली माणसे हे काम करत देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. गावात पाऊस नाही म्हणून बाहेर पडायचे आणि जिथे सोने आहे तिथे भट्टी मांडायची. उत्तरेत त्यांना सरसकट 'मराठा' म्हणतात. काम सांगायला सोपे आहे. सराफ जुने, मिसळीचे दागिने आणतो. ते मुशीत, म्हणजे भट्टीत टिकणाऱ्या मातीच्या भांड्यात, वितळवायचे. त्यात चांदी घालून पातळ पत्रा करायचा. तो शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचा. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळते, तळाशी तपकिरी भुगा उरतो. तो धुऊन पुन्हा वितळवला की शुद्ध सोने. पिवळट-तांबूस धूर येतो तो तेजाब उकळताना. शेवटी बाबूराव कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढत, दगड सराफासमोर धरत आणि विचारत, "एतराज?" म्हणजे, काही हरकत? सराफ म्हणे, "कोई एतराज नहीं।" मग सोने हातातून हातात जाई. चिठ्ठी नाही, पावती नाही. हा एक शब्द झाला की व्यवहार पुरा.

मी परत येऊन लिहिले की तो कारखाना नाही, एका कुटुंबाची भट्टी आहे. धूर आठवड्यातून दोनदा येतो. पत्रातला पिवळा रंग बरोबर आहे. पत्र छापले नाही. डॉक्टरांना तसे कळवले. तेव्हापासून रविवारी सकाळी माझा अहात्यात फेरा होऊ लागला. माने आमचे वर्तमानपत्र घेऊ लागले, कारण त्यात 'आपला माणूस' लिहितो. बाबूराव माझ्या तीन ओळी बोट ठेवून वाचत. रंजना मराठी सगळे समजे आणि उत्तर हिंदीत देई. आई म्हणे, "रंजे, काकांना च्या आण." ती म्हणे, "ला रही हूँ, दो हाथ हैं मेरे।"

सुरुवातीला अहात्याभोवती मोकळी जागा होती. दोन म्हशींचे गोठे, एक धोबी, कबरस्तानाची भिंत. मलिहाबादचे आंब्याचे ट्रक दशहरीच्या दिवसांत तिथे थांबत. पुढच्या सहा-सात वर्षांत गोठे गेले, धोबी गेला. प्लॉट पडले, कोठ्या, म्हणजे बंगले, उठल्या. प्रत्येक कोठीला लोखंडी फाटक आणि फाटकावर नाव व पदवी. अहात्याच्या खोल्यांतून एकेक भाडेकरू उठला. मालकीण एक वृद्ध मुसलमान बाई होत्या. त्यांना सगळे बड़ी बी म्हणत. त्यांचे मुलगे कराचीला आणि आखातात. हात तंग असला की त्या अहात्याचा एक तुकडा विकत, नाहीतर पेटीतले काही बाबूरावांकडे आणत.

एकदा त्यांनी आपल्या लग्नाचा गरारा आणला. पायघोळ घेरदार विजार, वर चांदीच्या तारेचे काम. जरीचे कापड जाळतात, राख धुतात आणि चांदी वितळवून घेतात. बाबूरावांनी दोन दिवस तो तसाच ठेवला. सुशीलाबाई म्हणाल्या, "द्या परत, म्हणावं यात काय निघत न्हाई." बाबूराव म्हणाले, "निघतंय की. खोटं कसं सांगू?" तिसऱ्या दिवशी बड़ी बी स्वतः वेताच्या मोढ्यावर बसून पाहत राहिल्या. शेवटी बाबूरावांनी त्यांच्या तळहातावर चांदीचा गोळा ठेवला. लिंबाएवढा.

"बस, इतनी-सी?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "निकाह के रोज तो हमसे उठाया नहीं जाता था।"

बाबूरावांनी सवयीने विचारले, "एतराज?"

"एतराज किससे करें, माने?" त्या म्हणाल्या आणि गोळा रुमालात बांधून गेल्या.

इथे बाबूरावांची अडचण सांगितली पाहिजे. चौक नावाच्या जुन्या पेठेतल्या सराफ्यात त्यांच्या थोरल्या चुलतभावाची भट्टी होती. बाबूरावांनी तिथे नऊ वर्षे राबून, भांडून, आपले वेगळे मांडले होते. शहराच्या या नव्या बाजूचे लहान सराफ त्यांनी एकेक करून मिळवले. गलाईवाला सोने असते तिथेच झोपतो. दुकान एकीकडे आणि घर दुसरीकडे, असे या धंद्यात चालत नाही. त्यामुळे भट्टी गेली तर घर जाणार, आणि दोन्ही गेले तर चुलतभावाच्या दारात, एका खोलीत, त्याच्या हाताखाली. रंजना इंटरला, म्हणजे बारावीला, होती आणि तिचे कॉलेज अहात्यापासून चालत दहा मिनिटांवर होते.

ती सूचना माझ्या टेबलावर आली तेव्हा हे सगळे मला माहीत होते. एका सरकारी कार्यालयाचा प्रस्ताव होता की अहाता आणि लगतची जमीन निवासी म्हणून घोषित करावी. म्हणजे तिथे धंदा, भट्टी, गोदाम चालणार नाही. आधीपासून धंदा करणाऱ्याने मुदतीत लेखी हरकत घेतली तर त्याची बाजू ऐकली जाणार होती. अशा हरकती बहुधा मान्य होत. निदान काही वर्षांची सवलत मिळे.

मी तीन ओळी लिहिल्या. पहिल्या मसुद्यात 'किसी को एतराज हो तो' असे होते. मग वाटले, कायद्याचा शब्द बदलू नये; अर्जात तोच लागेल. मी एतराज खोडला आणि सूचनेतला शब्द ठेवला. छापून आले ते असे: 'किसी को आपत्ति हो तो तीस दिन के भीतर लिखकर सूचित करे।' त्या ओळीत व्याकरणाची चूक नव्हती, तपशिलाची नव्हती. मिश्राजींनी तिच्यावर पेन्सिल उचलली नाही.

दुसऱ्याच दिवशी मला पूर्व जिल्ह्यांच्या दौऱ्यावर पाठवले. तो लांबला. माने वाचतील, हे मी गृहीत धरले. त्यांनी वाचलेही.

मी परतलो तेव्हा चौतीस दिवस झाले होते. रविवारी गेलो तर भट्टी थंड. बाबूराव पायरीवर बसलेले, हातात कागद. दोन महिन्यांत भट्टी हलवावी, असा हुकूम होता.

"तुम्ही आपत्ती दिली नाही?" मी विचारले.

"आमच्यावर कसली आपत्ती?" ते म्हणाले. "आग न्हाई, पूर न्हाई. दोन वेळचं खातोय. तुम्हीच लिवलं हुतं ना, आपत्ती आली आसंल तर कळवा. मी घरात सांगितलं. ही म्हणाली, आपली आपत्ती कागदावर लिवून द्यायची? अभद्र बोलू नका."

सुशीलाबाई दारातून म्हणाल्या, "मला वाटलं सरकार कायतरी मदत वाटतंय, भावजी. म्हटलं, ज्याचं जळालं-बुडालं त्याला मिळू दे. आपण कशाला मधी?"

मी रंजनाकडे पाहिले. तिचे हिंदी माझ्यापेक्षा चांगले होते. ती म्हणाली, "काका, मैंने अखबार देखा ही नहीं। बाबा ने खाते-खाते मराठी में बताया। मराठी में आपत्ती का मतलब तो वही है ना, मुसीबत?"

तोच अर्थ होता. पंचवीसहून अधिक वर्षे लखनौत राहिलेल्या माणसाच्या तोंडी हरकतीसाठीचा हिंदी शब्द दिवसातून दहा वेळा येई. तो मी पेन्सिलीने खोडला होता. हे मी त्यांना तिथेच सांगितले. बाबूरावांनी हुकुमाचा कागद पुन्हा वर धरून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे एतराज हुतं व्हय ते." आणि कागदाची घडी केली.

अर्ज रंजनाने लिहिला. मी फक्त तारखा पाहिल्या. त्यात एक वाक्य होते: 'प्रार्थी की मातृभाषा में आपत्ति का अर्थ विपत्ति होता है, और प्रार्थी पर उस समय तक कोई विपत्ति नहीं आई थी।' कार्यालयातल्या बाबूंनी ते दोनदा वाचले, शेजारच्या टेबलाला ऐकवले आणि आम्हांला बसायला खुर्च्या दिल्या. असा अर्ज त्यांनी नोकरीत पाहिला नव्हता.

"साहब, हमारे बस में हो तो अभी मुहर लगा दें," ते म्हणाले. "मगर मियाद निकल गई। अब एक ही सूरत है। धुएँ की शिकायत डॉक्टर साहब की है। उनसे राजीनामा लिखवा लाइए, फाइल हम खुद खुलवा देंगे।"

जिना उतरताना बाबूराव थांबले. "दातेसाहेब, हे काय बरं न्हाई. माझ्यापायी डॉक्टरानं नोकरी सोडायची?"

या वेळी मी पुढच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी अर्थ सांगितला. रंजना भिंतीला टेकून हसत सुटली. "बाबा, आप तो डॉक्टर साहब को घर बैठा देते!" त्या आठवड्यात त्या घरातले कोणी हसलेले मी पाहिले ते तेवढेच.

डॉक्टरांची कोठी अहात्याच्या भिंतीला लागून होती. ते पन्नाशीचे, सरकारी इस्पितळातून येऊन नुकतेच चहाला बसले होते. आम्हांलाही चहा आला. त्यांनी अर्ज वाचला. 'विपत्ति' या वाक्यावर ते हसले नाहीत.

"दाते साहब, आपने मेरी चिट्ठी नहीं छापी थी, याद है? मैंने बुरा नहीं माना। माने जी आदमी खरे हैं, मोहल्ले में सब जानते हैं।" मग त्यांनी आतल्या खोलीचे दार उघडले. पलंगावर त्यांच्या आई उशांना टेकून बसल्या होत्या. प्रत्येक श्वासाला शिटीसारखा आवाज होत होता. खिडकीच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या.

"राजीनामा मैं कर लूँ," डॉक्टर म्हणाले, "अम्मा का फेफड़ा नहीं करेगा। माने जी, आप ही बताइए। आपकी माँ होतीं इस कमरे में, तो दस्तखत करते?"

मी काही बोलणार होतो. कलमांची माहिती होती, उंच धुरांड्याचा पर्याय होता, भट्टी कोठीच्या नऊ वर्षे आधीची असल्याचा मुद्दा होता. बाबूराव खिडकीतल्या चिंध्यांकडे पाहत होते. पिवळट डाग त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला.

"नहीं करता," ते म्हणाले. "चाय अच्छी थी, डाक्टर साब।"

बाहेर आल्यावर मी म्हटले की धुरांड्याचे तरी बोलायला हवे होते. ते म्हणाले, "ती म्हातारी खोकतीया ते मला आठ वर्सं ऐकू येतंय. मला वाटायचं वयामुळं." थोडे चालून पुन्हा म्हणाले, "कसाला उतरलं न्हाई तर उतरलं न्हाई. दगडाला काय समजावायचं?"

सुशीलाबाईंनी मात्र समजून घेतले नाही. त्या मला म्हणाल्या, "ह्यांचं मन मोठं, आन् खोली लहान. चौकातल्या जावंच्या चुलीपुढं मला बसायचंय, डॉक्टरला न्हाई." त्यांचे बरोबर होते. डॉक्टरांचे बरोबर होते. त्या प्रकरणात चुकीचे असे मला एकच सापडले आणि ते माझ्या हस्ताक्षरात होते. नंतर मी तीन ओळींच्या सदरात 'आपत्ति, यानी एतराज' असे लिहू लागलो. मिश्राजी म्हणत, "जगह खा रहे हो, दाते जी।" मी ती जागा दरवेळी खात राहिलो. मुदतीत अर्ज दिला असता तरी त्या खिडकीसमोर बाबूरावांनी तो मागे घेतला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. पण मागे घेण्यासाठी आधी तो दिलेला असावा लागतो. ती संधी त्यांना मिळाली नाही.

चौकातून रंजनाचे कॉलेज दोन टेम्पो बदलून होते. तिने सुटी लागेपर्यंत अहात्यातच बड़ी बींच्या खोलीत राहायचे ठरवले. आईने विचारले, "परक्याच्या घरात?" ती म्हणाली, "पराया कौन है? पैदा तो यहीं हुई हूँ।"

गलाईवाला जागा सोडताना जमीन बरोबर नेतो. ही या धंद्याची रीत आहे, कोठ्यांतल्या लोकांना ती माहीत नव्हती. भट्टीसमोर वर्षानुवर्षे सोन्याचांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण सांडतात आणि पायांखाली दबत जातात. ती माती खणून, धुऊन, वितळवून घेतात. शेवटच्या दोन दिवसांत बाबूरावांनी खालच्या खोलीची फरशी उचलली आणि गुडघाभर माती काढली. भिंतींचे काजळ खरवडले, धुरांड्यातली काजळी उतरवली. सगळे पोत्यांत भरले. गच्च्यांवरून माणसे पाहत होती. काहींना वाटले, नवाबी धन सापडले.

बड़ी बी मोढा घेऊन दारात बसल्या होत्या. "माने, हमारा फर्श भी ले जाओगे?"

"बड़ी बी, इसमें आपका गरारा भी है थोड़ा।"

"अच्छा? तब तो एक बोरी यहीं छोड़ जाओ," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

खड्डा भरून द्यायचा होता, पण भरायला माती नव्हती. डॉक्टरांकडे त्या दिवसांत मोटारीच्या खोलीसाठी पाया खणत होते. त्यांनी न विचारता आठ-दहा पाट्या माती भिंतीवरून पाठवली आणि स्वतः येऊन उभे राहिले. बाबूरावांनी त्यांना नमस्कार केला. माती खड्ड्यात ओतण्याआधी त्यांनी सवयीने एक चिमूट उचलली, थुंकी लावून तळहातावर चोळली आणि दाराच्या उजेडात तिरपी धरून पाहिली.

"क्या देख रहे हैं?" डॉक्टरांनी विचारले.

"कुछ नहीं है इसमें," बाबूराव म्हणाले आणि पाटी ओतली.